झोन सात एकटाच का ओरडतो?

काशिनाथ बाबूराव खामकर. नाना, तुमचं पूर्ण नाव आधी लिहितो. कारखान्यातल्या फाइलीतही ते असंच पूर्ण लिहिलेलं आहे आणि त्याखाली जे लिहिलंय ते खोटं आहे. आई-बापानं मला वाढवलं, मावशीनं पाथर्डीत ठेवून घेऊन शाळा शिकवली, नगरच्या कॉलेजानं डिग्रीचा कागद दिला. पण आज माझ्या हातात जे काम आहे ते तुम्ही दिलंत. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तुमच्या दहाव्याला लोक बोलले की नाना देवमाणूस होते, कधी कुणाला दुखावलं नाही. हे ऐकून मला थोडं हसू आलं. मला तर तुम्ही रोज दुखावत होता. "अंकुशराव, डिग्री घरी ठिवून आलाव का?" हे वाक्य मी पहिल्या सहा महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल. खूश असलात की मी 'अंक्या' व्हायचो, चुकलो की 'अंकुशराव'.

मी रुजू झालो त्याच महिन्यात आपल्या ठिबकच्या नळीच्या लाइनवर नवीन पॅनल आलं होतं. प्लास्टिकचे दाणे वितळवणारे आठ झोन, प्रत्येक झोनचे हीटर चालू-बंद करायला एक सॉलिड स्टेट रिले, आणि आठही रिले एका केबलीनं एकमेकांना जोडून शेवटी स्क्रीनला. प्रत्येक रिले आपल्या हीटरला किती करंट जातो ते मोजायचा आणि काही बिघडलं की स्क्रीनवर अलार्म द्यायचा. तुम्ही त्या पॅनलसमोर बराच वेळ कान लावून उभे राहिलात.

"ह्ये कुठं खटकतं?"

"नाना, हे खटकत नाही. आत हलणारं काहीच नाही."

"म्हंजे मुकं हाय. जुना खटक्याचा कॉन्टॅक्टर कसा, खाट-खाट करायचा, जित्ता हाय ते लांबनं कळायचं."

"हे मुकं नाही. हे स्क्रीनवर बोलतं."

"बोलतं तर बोलू दे. पर त्याची भाषा कोन शिकवनार मला? तूच की."

मग तुम्ही मला कामाला लावलंत. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरच्या मागं बसून मी त्या रिलेचं इंग्रजी पुस्तक वाचायचो आणि ओळीओळीचं मराठी करायचो. तुम्ही भाकरी खाता खाता ऐकायचात. हुकूम नसताना करंट जातोय, म्हणजे रिले शॉर्ट. हुकूम आहे आणि करंट अजिबात नाही, म्हणजे हीटर तुटला किंवा फ्यूज गेला. आणि तिसरा अलार्म, 'पार्शल लोड फेल'.

"पार्शल म्हंजे?"

"अर्धवट. झोनमध्ये चार हीटर असतील आणि एक गेला, तर करंट कमी होतो. तो कमी झालेला रिलेला कळतो."

"त्याला कसं कळतं किती पायजे?"

"आपण आधी शिकवायचं. सगळे हीटर चांगले असताना स्क्रीनवर 'टीच' दाबायचं. त्या वेळी जितका करंट, तितका तो बरोबर धरतो."

तुम्ही घास थांबवून म्हणालात, "म्हंजे शिकवनारा चुकला तर ते जलमभर चुकीचंच बरोबर धरनार."

मी हसून पुढचं पान उलटलं. माझ्या लेखी ते वाक्य म्हणजे म्हाताऱ्या माणसाची शंका होती.

पॅनलवर तुम्ही ते पुस्तकी ज्ञान माझ्यापेक्षा लवकर वापरायला लागलात. एका सकाळी सात रिले एकदम स्क्रीनवरून गायब झाले. मी सातही बदलायची यादी करायला घेतली. तुम्ही म्हणालात, "सात जनं येकदम मरत न्हाईत. जो पहिला गेला त्याच्या आधीची वायर बघ." दुसऱ्या रिलेच्या केबलीचं सॉकेट अर्धं बाहेर आलं होतं. दोन बोटांनी दाबलंत, सातही परत आले. मग रजिस्टर काढलंत.

त्या रजिस्टरचा मला धाक होता. लक्षण, कारण, काय केलं, कुणी केलं, असे चार रकाने तुम्ही पट्टीनं आखलेले. 'कारण'च्या रकान्यात 'समजले नाही' लिहिलेलं तुम्हाला चालायचं नाही. समजेपर्यंत रकाना मोकळा ठेवायचा आणि रोज तो मोकळा रकाना बघत काम करायचं. जुनी पानं चाळताना मला तुमच्या हातचं सापडलं होतं: 'चूक माझी. न्यूट्रल ढिला ठेवला. का. बा. खामकर.' अशा नोंदी एक-दोन नव्हत्या. मी विचारलं, स्वतःची चूक कशाला लिहिता? तुम्ही म्हणालात, "माझ्यामागं जो येईल त्यो तिथंच हुडकत बसंल. त्याचा दिवस वाया कशाला घालवू?"

नाना, हे तुम्हीच म्हणाला होता. पुढे तुम्ही जे केलंत त्याच्याशी हे कुठं जुळतं ते मला अजून सांगता आलेलं नाही.

शेतीच्या फीडरला थ्री फेज आली की आपल्याकडं व्होल्टेज बसायचं. आसपासच्या सगळ्या विहिरींवरचे पंप एकदम लागायचे. व्होल्टेज बसलं की हीटरचा करंट उतरायचा, आणि आठही झोन 'पार्शल लोड फेल' म्हणून ओरडायला लागायचे. लाइनवरचा संतोष ऑपरेटर एका हातानं नळी बघायचा आणि दुसऱ्या हातानं अलार्म दाबायचा. "लागले पंप," म्हणायचा. "माझ्या सासऱ्याचाबी त्यातच हाय. त्याला फोन करून सांगू का, अलार्म वाजतोय म्हनून?"

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, ते बोंबलणं बंद करा. तुम्ही त्या दिवशी मागच्या शेडमध्ये चिलरच्या मोटरला लागला होता. मी पॅनलचं दार उघडलं. आतल्या बाजूला तुमच्या मेंटेनन्स लॉगिनचा पासवर्ड चिकटपट्टीवर लिहिलेला होता. पंप लागलेले, व्होल्टेज बसलेलं, आणि मी आठही रिलेंना एकामागून एक 'टीच' दाबलं. डायच्या झोनचा, म्हणजे जिथून नळी आकार घेऊन बाहेर पडते त्या सातव्याचा, करंट एरवी वीस अँपिअर असायचा. त्या वेळी साडेसोळा होता. रिलेनं साडेसोळा बरोबर धरला. पॅनल गप्प झालं. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, आणि मला उत्तर येत नव्हतं हे मला त्या वेळीही आतून माहीत होतं.

काही आठवडे शांततेत गेले. मग अलार्म परत आला. दिवसभर काही नाही, पंप लागले की सुरू. पण या वेळी फक्त सातचा.

"व्होल्टेज आहे नाना," मी म्हणालो. "स्क्रीनवर दिसतंय की."

"व्होल्टेज बसलं तर आठांनी वरडाय पायजे. सात एकटाच का वरडतो?"

"त्याची सेटिंग जरा नाजूक असेल."

"अंकुशराव."

एवढंच म्हणालात. मग गोणीतून चिमूटभर दाणे घेतलेत आणि डायच्या भोवती चार हीटरचे चार पट्टे होते, त्या प्रत्येकावर एकेक दाणा ठेवलात. तीन दाणे बघता बघता पारदर्शक झाले आणि पसरले. चौथा तसाच बसून राहिला, पांढरा. तापमान मोजणारी तार दुसऱ्या बाजूला होती, म्हणून स्क्रीनवर तापमान बरोबर दिसत होतं. एक बाजू थंड पडली होती आणि नळी एका अंगानं पातळ निघत होती. दिवसा पूर्ण व्होल्टेजला तीन हीटर मिळून पंधरा अँपिअर घ्यायचे. मी शिकवलेल्या साडेसोळाच्या मानानं पंधरा फार कमी नव्हते, म्हणून रिले गप्प. व्होल्टेज बसलं की ते आणखी उतरायचं आणि तेवढ्यापुरता रिले सांगून बघायचा. आम्ही ते ओरडणं पंपांमुळंच आहे असं समजत होतो.

तुम्ही स्क्रीनवर सातचा धरलेला आकडा काढलात. साडेसोळा. माझ्याकडं बघितलंत. विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. बस, तेवढाच एक क्षण होता, नाना, आणि तो मी घालवला. त्यानंतर सांगायला कितीतरी संधी आल्या, पण त्या सगळ्या त्या एका क्षणापेक्षा अवघड होत्या.

राहुरीकडच्या एका डाळिंबाच्या बागेतून फाटलेली नळी परत आली. मग आणखी दोन ठिकाणांहून आली. चौकशी लागली. पॅनलवाल्यांच्या इंजिनिअरनं स्क्रीनमधली नोंद काढून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली: आठही रिलेंचा आकडा मेंटेनन्स लॉगिनवरून बदललेला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली तुमचा सेफ्टी शूज माझ्या पायावर आला आणि तिथंच राहिला.

"लॉगिन माजं हाय," तुम्ही म्हणालात. "मीच केलं."

"का केलंत?"

"आवाज लई व्हायचा."

बाहेर टपरीवर मी तुमच्याशी भांडलो. आठवतंय ना? चहावाला बघत होता.

"नाना, हे खोटं आहे."

"व्हय."

"मी आत जाऊन सांगतो."

"जा की. प्रोबेशनवर हायस. संध्याकाळी पाथर्डीची यष्टी धर." मग जरा खाली बघून म्हणालात, "तुजी आई गेटावर आल्ती, उसाच्या तोडीला जाताना. ट्रक थांबवून. मी चहा पाजला तिला. मला इचारलं, माज्या लेकाच्या हाताखाली किती मानसं हायती? मी म्हनलं, चाळीस."

"चाळीस कुठली, एकसुद्धा नाही."

"मग? तिला खरं सांगू व्हय? माजं येक वरीस ऱ्हायलंय, तुजं तीस ऱ्हायलंय. गप बस. आनि पुना ह्यावर बोलायचं न्हाई. शपत घे."

मी शपथ घेतली. तीन दिवसांनी मेमो लागला. त्यात लिहिलं होतं: 'नवीन प्रणालीचे अपुरे ज्ञान असल्याने हलगर्जीपणा.' निवृत्तीनंतर तुम्हाला वाढवून मिळालेलं एक वर्ष रद्द झालं. हार नाही, नारळ नाही. टेस्टरची पिशवी खांद्याला लावून तुम्ही गेटाबाहेर गेलात आणि मी पॅनलच्या आड उभा राहिलो.

अपुरं ज्ञान. त्या रिलेचं पुस्तक तुम्ही भाकरीबरोबर पाठ केलं होतं. आमच्या कारखान्यात त्या रिलेला ओळखणारा एकच माणूस होता आणि त्याच्याच नावावर हे दोन शब्द चिकटले. तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत, तेवढं मी कदाचित सोसलं असतं. पण तुम्हाला येत नव्हतं, असं कागदावर राहावं, हे मी सोसणार नाही. ते असं टाकून द्यायचा तुम्हाला हक्क नव्हता, नाना. ते ज्ञान आपल्या दोघांचं होतं.

मी कन्फर्म झालो त्याच आठवड्यात तुम्हाला पत्र टाकलं. फोनवर विषय काढला की तुम्ही "जेवलास का" म्हणून फोन ठेवून द्यायचात, म्हणून पत्र. ते पोचल्यावर तुमचा फोन आला. आवाजावरून कळलं की खवळलाय.

"शपत मोडलीस."

"मोडली."

"चष्मा तुटलाय म्हनून सूनबाईला वाचाय दिलं मी. तिनं मोठ्यांदा वाचलं. सगळ्या घराला कळलं."

"काय कळलं?"

तुम्ही म्हणालात, "पोरगा म्हनायचा, म्हातारपनी कामात चुका करायला लागले. आता न्हाई म्हनत."

आणि मग लगेच, जणू मधलं काही झालंच नाही, "व्होल्टेजचं काय केलंस?"

मी सांगितलं, त्या रिलेत व्होल्टेज मोजून त्याप्रमाणे करंट ताडून बघायची सोय आहे. ती आपण चालूच केली नव्हती. आता पंप लागले तरी कुणी ओरडत नाही, आणि ओरडला तर खरंच काहीतरी गेलेलं असतं.

"त्ये पान आपन वाचलंच न्हाई," तुम्ही म्हणालात. "तू त्या दिवशी घोरत हुतास."

तुमच्याशी झालेलं ते माझं शेवटचं बोलणं. कारखान्यात सांगायचं म्हणून मी पत्रात लिहिलं होतं खरं, पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. कधी ऑडिट आडवं आलं, कधी सीझन. आणि एका सकाळी संतोषनं येऊन सांगितलं, नाना गेले. झोपेतच. तो मेमो तुमच्या नावावर असतानाच तुम्ही गेलात. ही माझी दुसरी चूक, आणि ही कुणी स्वतःवर घेऊ शकत नाही.

कारखान्यात शोकसभा झाली. मॅनेजरसाहेब चांगलं बोलले. माणूस मनानं मोठा होता, म्हणाले. शेवटी म्हणाले, "नवं तंत्रज्ञान त्यांच्या पिढीला झेपलं नाही, पण त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही." मी उठलो.

"साहेब, त्यांना झेपलं होतं. मला झेपलं नव्हतं. ते आठ रिले मी शिकवले."

संतोष मागून म्हणाला, "मला वाटलंच हुतं. नानांनी पंप लागल्यावर कधी शिकवलं नसतं."

नंतर केबिनमध्ये साहेब मला समजुतीनं म्हणाले, "अंकुश, तू भावनेच्या भरात बोलतोयस. माणूस गेला की असं होतं. फाइल बंद झालीय. आता कशाला?"

"माणूस गेला म्हणूनच, साहेब. आता ते स्वतः येऊन सांगणार नाहीत."

"तुझ्याकडं पुरावा काय? लॉगिन त्यांचं, कबुली त्यांची."

पुरावा तुमच्या घरी होता. मी परवा आलो तेव्हा तुमच्या सूनबाईंनी न मागता पाकीट आणून दिलं. "भाऊजी, हे तुमचं पत्र. मामांनी कपाटात ठिवलं हुतं. पोष्टाचा शिक्का हाय त्याच्यावर, ते जित्ते असतानाचा. कंपनीत दाखवा."

मी अर्ज दिलाय, नाना. मेमोमधलं 'अपुरे ज्ञान' काढावं आणि मेमो माझ्या नावानं द्यावा, असं लिहिलंय. साहेब म्हणाले, हे पत्र जोडलंस तर ते तुझ्या फाइलीत कायमचं राहील. मी म्हणालो, राहू द्या. तुमचं पाकीट, शिक्क्यासकट, आज सकाळी जोडलं. अजून उत्तर आलेलं नाही. काय यायचं ते येवो. जोडण्याआधी काढून ठेवलेल्या झेरॉक्सवरून पत्र खाली उतरवतो, म्हणजे ज्यांनी तुम्हाला फक्त त्या मेमोतून ओळखलं त्यांनाही ते वाचता येईल.

*

ती. नाना यांना अंकुशचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी कन्फर्म झालो. पेढे घेऊन येणार होतो, पण पेढे दिले की तुम्ही मला बोलू देणार नाही, म्हणून आधी पत्र.

आठही रिलेंना चुकीचा आकडा मी शिकवला. पंप लागलेले असताना शिकवला, तुमच्या लॉगिननं शिकवला आणि तुम्हाला सांगितलं नाही. डायच्या हीटरवर तुम्ही दाणे ठेवलेत तेव्हा मला कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं. मॅनेजरसाहेबांना तुम्ही जे सांगितलंत ते खोटं होतं.

तुम्ही मला वाचवलंत हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मला त्याचा रागही आहे, नाना. आमच्या घरात कागदावर सही करणारा मी पहिला. आजवर आमच्या लोकांची कुठली गोष्ट कागदावर आली तर ती दुसऱ्यानं लिहिलेली असायची. मी शिकलो ते आपलं आपण लिहावं म्हणून. माझी चूकसुद्धा दुसऱ्याच्या नावानं लिहिली जाणार असेल तर मी शिकून काय केलं?

शपथ मोडतोय. शिव्या द्या, कानाखाली मारा, घरात घेऊ नका. मी कारखान्यात सांगणार आहे.

तुमचं चांगलं नाव तुमच्याकडं राहू द्या. माझी चूक मला परत द्या.

तुमचा,
अंकुश